जॅक उचलतो, पण धरतो कोण?

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग दहिसर मागे टाकून काशीमीऱ्याला येतो. या महामार्गाचा क्रमांक आज ४८ आहे. पूर्वी तो ८ होता. काशीमीऱ्याच्या नाक्यावरून डाव्या हाताला मीरा-भाईंदरकडे जाणारा रस्ता फुटतो, उजव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगा दिसतात आणि महामार्ग चढउतार पार करीत वसईच्या खाडीकडे निघून जातो. खाडीवरील पुलाच्या अलीकडे, वरसावे येथे, ठाण्याहून येणारा घोडबंदरचा रस्ता त्याला मिळतो. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून तेथील मोठमोठे कंटेनर घेऊन गुजरातकडे जाणारे कितीतरी ट्रेलर याच वाटेने जातात.

एवढी अवजड वाहतूक जेथे आहे तेथे टायर पंक्चर होणे ही रोजचीच गोष्ट. अशा महामार्गाच्या कडेला एखादा ट्रक किंवा ट्रेलर एका अंगाला जरासा उचललेला आणि त्याच्या आसाखाली बाटलीएवढा एक जॅक उभा, हे दृश्य तुम्ही पाहिलेच असेल. ते पाहून पहिला प्रश्न मनात येतो तो असा : एवढासा जॅक एवढी मोठी गाडी उचलतो तरी कसा? हा प्रश्न चांगलाच आहे आणि त्याचे उत्तर आपण पाहणारही आहोत. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. तो फार थोडे लोक विचारतात. गाडी एकदा वर उचलली गेली की तिला तेथे धरून कोण ठेवते? चाक बदलणाऱ्याचे हात, पाय आणि कधी कधी प्राणही या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

किती भार, किती उंची?

आधी थोडे आकडे पाहू. आपल्या देशात कोणत्या आसावर किती भार टाकावा याची मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे. दोन्ही टोकांना जोडचाके असलेल्या, म्हणजे एकूण चार टायरांच्या, एकेरी आसासाठी ही मर्यादा पूर्वी १०.२ टन होती. २०१८ साली ती ११.५ टन करण्यात आली. असा पूर्ण भरलेला आस एका टोकाने उचलायचा म्हणजे साधारण निम्मा भार, अर्थात पावणेसहा टन, जॅकवर येणार. गणित सोपे व्हावे म्हणून आपण ५ टन, म्हणजे ५,००० किलोग्रॅम, एवढा भार धरून चालू.

हा भार फक्त १० सेंटिमीटर उचलला आहे अशी कल्पना करा. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरदेखील नाही. पण त्या भारात साठलेली ऊर्जा किती झाली? ५,००० किलोग्रॅम गुणिले ०.१ मीटर म्हणजे ५०० किलोग्रॅम-मीटर. पन्नास किलोग्रॅमचे सिमेंटचे पोते १० मीटर उंचावर, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, नेऊन ठेवले तर त्यात जेवढी ऊर्जा साठते तेवढीच ही आहे. आता जॅक निसटला तर? दहा सेंटिमीटर खाली यायला कोणत्याही वस्तूला सुमारे ०.१४ सेकंद पुरतात. धोका डोळ्यांनी पाहून हात मागे घ्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद तरी लागतात. म्हणजे ‘गाडी पडायला लागली तर मी पटकन बाजूला होईन’ हे म्हणणे गणितातच बसत नाही! जे काही करायचे ते गाडी उचलण्यापूर्वीच करून ठेवायला हवे.

बाटलीतला पास्कल

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ट्रकवाल्यांच्या जवळचा बाटलीच्या आकाराचा जॅक तेलावर चालतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो दाब द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने मांडला. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. या नियमाचा उपयोग करून इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली द्रवचलित दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपला जॅक हा त्याच यंत्राचा धाकटा भाऊ.

जॅकमध्ये दोन दट्टे असतात, एक बारीक आणि एक जाड. बारीक दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि जाड दट्ट्याचा ४ सेंटिमीटर आहे असे समजू. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. दाब दोन्हीकडे सारखाच, म्हणून जाड दट्ट्यावर वरच्या दिशेने मिळणारे बल बारीक दट्ट्यावर दिलेल्या बलाच्या सोळापट होते. शिवाय बारीक दट्टा आपण हाताने सरळ दाबत नाही, दांड्याने दाबतो. हा दांडा म्हणजे तरफ. तिच्यामुळे बल आणखी १५ पट वाढते असे धरले, तर एकूण वाढ १६ × १५ = २४० पट झाली. मग ५,००० किलोग्रॅम भार उचलायला हाताने लावायचे बल ५,००० ÷ २४०, म्हणजे जेमतेम २१ किलोग्रॅम. एवढे बल तर शाळेतला मुलगाही लावू शकेल.

पण निसर्ग काहीही फुकट देत नाही. बल २४० पट झाले, तसे अंतर २४० पट घटले. दांडा २४ सेंटिमीटर खाली नेला की गाडी फक्त १ मिलिमीटर वर येते. दहा सेंटिमीटर उचलायला असे १०० फटके मारावे लागतात. हातांनी केलेले कार्य आणि गाडीवर झालेले कार्य यांचा गुणाकार करून पाहा. दोन्ही सारखेच येतील. प्रत्यक्षात घर्षणामुळे हाताला थोडे जास्तच कार्य करावे लागते.

आता खरा मुद्दा येतो. प्रत्येक फटक्यानंतर दांडा वर उचलताना गाडी खाली का येत नाही? कारण आत एक झडप असते. पोलादाची छोटी गोळी आपल्या खाचेत घट्ट बसते आणि जाड दट्ट्याखालचे तेल मागे फिरू देत नाही. शिवाय दट्ट्याभोवती एक मऊ कडे असते. त्याने तेल बाजूने झिरपत नाही. गाडी उतरवण्यासाठी आणखी एक झडप असते. ती अर्धा आटा सैल केली की तेल परत टाकीत जाते आणि दट्टा खाली बसतो.

म्हणजे ५ टनांची गाडी अधांतरी असते तेव्हा ती कशावर उभी असते? एका गोळीवर, एका मऊ कड्यावर आणि तेलाच्या एका लहानशा स्तंभावर! गोळीखाली वाळूचा एक कण अडकला, कडे झिजले किंवा उतरवण्याची झडप नीट आवळलेली नसली, की तेल थेंबाथेंबाने मागे सरकते आणि गाडी नकळत खाली येऊ लागते. जॅकमध्ये काही दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याची रचनाच उचलण्यासाठी केलेली असते. तासन् तास धरून ठेवण्यासाठी नव्हे.

‘वाया’ गेलेले घर्षण

दुसऱ्या जातीचा जॅक मळसूत्राचा. यात तेल नसते. जाड आट्यांचा एक स्क्रू फिरवला की भार वर चढतो. स्क्रू म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेली उतरण, हे तुम्ही ‘साधी यंत्रे’ या पाठात शिकला आहात. मग भार या उतरणीवरून घसरून स्क्रू उलटा का फिरवत नाही? कारण आट्यांमधील घर्षण. उतरणीचा चढ पुरेसा कमी असला तर घर्षण घसरण्यावर मात करते आणि भार आहे तेथेच राहतो.

यातून एक मौजेचा निष्कर्ष निघतो. जो स्क्रू भार आपोआप धरून ठेवतो त्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते. म्हणजे आपण केलेल्या कार्यापैकी अर्ध्याहून अधिक कार्य घर्षणात जाते. यंत्राच्या दृष्टीने हे नुकसान, पण त्याच्या बदल्यात भार निसटत नाही. घर्षण हा नेहमीच शत्रू नसतो!

तेव्हा मळसूत्री जॅक खाली बसण्याची भीती कमी. परंतु आडवा कलंडण्याची भीती दोन्ही प्रकारच्या जॅकना सारखीच आहे, आणि ती समजून घ्यायला हवी.

सहा सेंटिमीटरचा खेळ

जॅकच्या तळाची बैठक १२ सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. भार नेमका मधोमध असला तर भाराची उभी रेषा बैठकीच्या मधून जमिनीत जाते आणि जॅक स्थिर राहतो. आता गाडी जराशी पुढे सरकली. जॅकचे डोके गाडीबरोबर पुढे गेले, बैठक मात्र जमिनीवर तेथेच राहिली. डोके ६ सेंटिमीटर पुढे गेले की भाराची रेषा बैठकीच्या कडेवर येते. त्यापुढे केसभर गेले तरी जॅक उलटतो. सहा सेंटिमीटर म्हणजे तुमच्या तळहाताच्या रुंदीहूनही कमी. याचाच अर्थ असा की जॅक टिकायचा असेल तर आधी जमिनीवरची चाके जागची हलता कामा नयेत.

काशीमीऱ्याच्या पुढचा रस्ता चढउताराचा आहे हे वर सांगितलेच. समजा, २० मीटरला १ मीटर अशा उतारावर २० टनांचा ट्रक उभा आहे. त्याला उताराच्या दिशेने ओढणारे बल २० टनांचा विसावा भाग, म्हणजे १ टन एवढे भरते. उभ्या ट्रकवर हे बल क्षणभरही न थांबता काम करीत असते. म्हणूनच जमेल तेव्हा सपाट जागा गाठावी, उतारावर गाडी उचलू नये.

गिअरचा भरवसा का धरू नये?

‘गाडी गिअरमध्ये टाकली आहे, आता ती हलणार नाही,’ असे पुष्कळांना वाटते. चारही टोकांची चाके जमिनीवर असताना ते बरेचसे खरेही आहे. परंतु मागच्या, म्हणजे इंजिनाने फिरवल्या जाणाऱ्या, आसाचे एक टोक उचलले की चित्र पालटते.

असे का होते ते पाहा. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर पक्की बसवली असती तर एक चाक घासत गेले असते. म्हणून मागच्या आसाच्या मध्यभागी दातेरी चाकांची एक जुळणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिचा नियम सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या फेऱ्यांची सरासरी ही आस फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या फेऱ्यांइतकी असते. गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन बंद केले की हे मोठे दातेरी चाक अडून राहते. त्याच्या फेऱ्या शून्य. मग दोन्ही बाजूंच्या चाकांच्या फेऱ्यांची बेरीजही शून्यच आली पाहिजे. म्हणजे एक चाक एक फेरी पुढे गेले तर दुसऱ्याने एक फेरी मागे गेले पाहिजे.

दोन्ही चाके जमिनीवर असताना हे शक्य नसते. गाडी एकाच दिशेला जाऊ पाहते, म्हणून दोन्ही चाके अडून राहतात. पण एक चाक हवेत गेले की ते खुशाल उलटे फिरू शकते, आणि मग जमिनीवरचे चाक सुलटे फिरायला मोकळे! गाडी गिअरमध्ये असूनही पुढे निघते आणि जॅकवरून उतरते. काही जुन्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर असे. त्याचीही हीच गत होते. ज्या गाड्यांत हातब्रेक फक्त मागच्या दोन्ही चाकांवर काम करतो, तेथे एक बाजू उचलली की एकाच बाजूच्या ब्रेकची पकड उरते.

तेव्हा गिअर टाकावा, हातब्रेकही ओढावा. पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

उटीची भूमिती

मग भरवसा कशाचा धरायचा? बैलगाडीच्या काळापासून चालत आलेल्या उटीचा. चाकाच्या पुढे-मागे लावायचा दगड किंवा लाकडाचा ठोकळा म्हणजे उटी. ती दिसायला क्षुल्लक, पण तिचे बळ किती ते पायथागोरसच्या साहाय्याने काढता येते.

ट्रकच्या चाकाची त्रिज्या साधारण ५० सेंटिमीटर असते. त्याला १० सेंटिमीटर उंचीची उटी लावली. चाकाला पुढे जायचे तर उटीच्या वरच्या कडेवर टेकून तिच्यावर चढावे लागेल. या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ५० सेंटिमीटर (ती त्रिज्याच). मध्य कडेपेक्षा ५० − १० = ४० सेंटिमीटर उंच. मग आडवे अंतर? ३०, ४०, ५० हा काटकोन त्रिकोण तुमच्या ओळखीचाच आहे. म्हणून आडवे अंतर ३० सेंटिमीटर. आता कडेभोवती तरफेचा नियम लावा. चाकावरचा भार ३० सेंटिमीटरच्या भुजेने चाकाला मागे ओढतो आणि पुढे ढकलणारे बल ४० सेंटिमीटरच्या भुजेने चाक चढवू पाहते. म्हणून चाक चढवायला भाराच्या ३०/४०, म्हणजे पाऊणपट बल लागते. चाकावर ४ टन भार असेल तर ३ टन बल लावल्याशिवाय ते उटी ओलांडणार नाही. आपल्या उतारावर ओढणारे बल १ टनच होते. एक साधा ठोकळा ते सहज अडवतो.

हेच गणित २ सेंटिमीटरच्या खड्यासाठी करा. उत्तर भाराच्या तीन-दशांशाहूनही किंचित कमी येते. म्हणजे हाताला येईल तो बारीक खडा लावून भागत नाही. शिवाय उटी स्वतः घसरता किंवा घरंगळता कामा नये. गोल गोटा चाकाबरोबर स्वतःच लोळतो. तळाशी सपाट आणि चाकाकडे उतरती, पाचरीसारखी उटी सर्वांत चांगली. ती चाकाला अगदी भिडवून लावावी, आणि जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून लावावी.

जमीन तरी भार पेलते का?

आता जॅकच्या खाली पाहा. बैठक १२ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर. त्यावर ५,००० किलोग्रॅम भार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोग्रॅम दाब. त्याखाली ४० × ३० सेंटिमीटरची जाड फळी घातली तर तोच भार १,२०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब ४ किलोग्रॅमच्या आसपास उतरतो. फळी जाड आणि टणक हवी. पातळ फळी मध्येच मोडते.

पण फळी घातली की सगळे झाले असे नाही. मऊ, ओल्या चिकणमातीवर दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅमहून जास्त भार टाकणे धोक्याचे समजले जाते. म्हणजे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेच्या चिखलात फळीसुद्धा अपुरी पडते. जॅक खचतो, आणि तो सगळीकडे सारखा खचत नाही; एका अंगाला खचतो. बैठक तिरपी झाली की भाराची रेषा कडेकडे सरकते, आणि पुढचे काय ते आपण वर पाहिलेच. म्हणून पंक्चर झालेल्या टायरवर गाडी हळूहळू काही मीटर पुढे नेऊन टणक, सपाट जागा गाठणे अधिक शहाणपणाचे. त्यात एक टायर वाया गेला तरी चालेल.

घोडी : धरणारी ती हीच

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. उचलायचे काम जॅकचे. धरायचे काम घोडीचे. घोडी म्हणजे रुंद पायांची, पोलादाची तिपायी किंवा चौपायी बैठक. तिच्यात तेल नाही, झडप नाही, झिजणारे कडे नाही. वरचा दांडा हव्या त्या उंचीवर जाड खिळीने अडकवला की ती खिळी तुटल्याशिवाय भार खाली येऊ शकत नाही. पाय फाकलेले असल्याने बैठक जॅकपेक्षा कितीतरी रुंद असते. जॅकने गाडी उचलायची, घोडी आसाखाली किंवा चौकटीखाली लावायची आणि जॅक थोडा सैल करून भार घोडीवर उतरवायचा. जॅक तेथेच राहू द्यायचा; तो आता राखीव.

घोडी नसेल तर जाड लाकडी ओंडके एकमेकांवर आडवे-उभे रचूनही आधार देता येतो. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे मात्र कधीही वापरू नयेत. ते सावकाश चेपत नाहीत, एकाएकी फुटतात.

क्रम आणि त्यामागची कारणे

चाक बदलण्याचा क्रम असा :

(१) गाडी वाहतुकीपासून दूर, टणक आणि सपाट जागी घ्यावी. धोक्याचे दिवे लावावेत आणि मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. गाडीतील माणसांना खाली उतरवावे. आत कोणी हालचाल केली तरी जॅकच्या डोक्याला धक्का बसतो.

(२) ट्रेलर असेल तर तो ओढणाऱ्या गाडीपासून सोडवू नये. जोडलेला असला की पुढचे टोक स्थिर राहते आणि ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकचाही उपयोग होतो.

(३) जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावाव्यात.

(४) चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. एक मीटर लांबीच्या पान्यावर ६० किलोग्रॅमचा माणूस भार देऊन उभा राहिला तर केवढा पीळ बसतो ते पाहा! चाक जमिनीवर असताना हा पीळ जमीन सोसते. अधांतरी असताना तोच पीळ गाडीला जॅकवरून ढकलतो.

(५) जॅकखाली फळी घालून, उत्पादकाने दाखवलेल्या जागीच जॅक लावावा. टायर जमिनीपासून सुटेल आणि नवे, पूर्ण हवा भरलेले चाक बसेल, एवढेच उचलावे. जादा उंची म्हणजे जादा धोका.

(६) घोडी लावून भार तिच्यावर उतरवावा. गाडीखाली डोके, हात, पाय घालू नये. काढलेले चाक चौकटीखाली आडवे सरकवून ठेवावे. सगळे फसलेच तरी गाडी त्या चाकावर अडते.

(७) नवे चाक चढवून नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. एका बाजूचेच नट आधी आवळले तर चाक तिरपे बसते. गाडी खाली उतरवल्यावर ते पूर्ण आवळावेत आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

जादा चाकाला आपल्याकडे सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. हे नाव आले वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तेथे १९०४ साली डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक तयार केले. तो रस्ता दूर राहिला. नाव मात्र आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी पक्के बसले!

घरगाडीचे थोडे वेगळे

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरव्हॅन म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली घरगाडी. काही घरगाड्यांना स्वतःचे इंजिन असते. काही मोटारीमागे ट्रेलरसारख्या जोडून ओढायच्या असतात. चाक बदलण्याचे वरील सर्व नियम त्यांनाही लागू आहेत, परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. मुक्कामाच्या जागी घरगाडीच्या चार कोपऱ्यांना जे पाय खाली सोडतात ते गाडी डुलू नये म्हणून. गाडी उचलण्यासाठी नव्हेत. त्यांच्यावर सगळा भार टाकला तर ते वाकतात. कंटेनर ट्रेलरच्या पुढच्या पायांचे कामही ओढणारी गाडी सोडवल्यावर पुढचे टोक टेकवून ठेवणे एवढेच. दुसरी गोष्ट अशी की काही घरगाड्यांचा आस पोकळ नळीचा असतो. जॅक त्याच्या मधोमध लावला तर तो वाकतो, मग चाके सरळ रेषेत राहत नाहीत आणि नवा टायरही लवकर झिजतो. म्हणून असे उत्पादक जॅक चौकटीखालीच लावायला सांगतात. गाडीबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचावी ती यासाठी.

करून पाहा

ट्रक उचलण्याचे प्रयोग तुम्ही करायचे नाहीत! पण यातले विज्ञान शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या मदतीने सहज पाहता येईल.

पहिला प्रयोग : सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक २० मिलिलिटरची आणि एक ५ मिलिलिटरची. त्या पाण्याने भरून प्लॅस्टिकच्या बारीक नळीने जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मोठीच्या दट्ट्यावर पुस्तक ठेवा आणि लहानीचा दट्टा दाबून ते उचला. आता लहानीचा दट्टा तसाच दाबून धरून नळीचा सांधा अगदी किंचित सैल करा. पुस्तक सावकाश खाली येऊ लागते. झिरपणारा जॅक तो हाच.

दुसरा प्रयोग : ५ सेंटिमीटर त्रिज्येचा पत्र्याचा गोल डबा वाळूने भरून तोला. त्याच्या मध्यातून तार ओवून तिला ताणकाटा अडकवा. डबा आडवा ठेवून १ सेंटिमीटर जाडीच्या, टेबलाला घट्ट बसवलेल्या पट्टीवरून आडवा ओढा. चाक चढायला लागताना ताणकाटा किती दाखवतो? डब्याच्या भाराच्या पाऊणपटीच्या जवळपास येते का ते पाहा. मग पट्टी अर्धा सेंटिमीटरची घ्या आणि उत्तर आधी गणिताने काढून पडताळा.

तिसरा प्रयोग : ओल्या वाळूवर एक वीट आधी आडवी, मग उभी ठेवा आणि तिच्यावर सारखेच वजन टाका. प्रत्येक वेळी वाळूत ती किती रुतली ते मोजा. कलली असल्यास कोणत्या बाजूला, तेही लिहून ठेवा.

यापुढे रस्त्याच्या कडेला उचललेली गाडी दिसली तर सुरक्षित अंतरावरून चार गोष्टी पाहा : जागा सपाट आणि टणक आहे का, चाकांना उट्या आहेत का, जॅकखाली फळी आहे का आणि भार घोडीवर आहे की नुसत्या जॅकवर. तुमच्या घरी मोटार असेल तर सामानाच्या जागेत स्टेपनी आणि जॅक यांच्याबरोबर दोन उट्या आणि एक जाड फळी आहे का, हे आजच पाहून घ्या. नसेल तर लाकडाच्या वखारीतून ती आणायला फार खर्च येत नाही.